कौशल्याप्रमाणे पगार: कारखान्यात ही पद्धत आणायची तर काय करायचं आणि गाडी कुठे अडते

रात्रपाळीत अडीचला लॉट संपला. पुढचा जॉब लावायला सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवून देणारा कारागीर, नव्हता, तो पुतणीच्या लग्नाला गेला होता. मशीन सकाळी सातपर्यंत उभं राहिलं. त्या मशीनवरच्या ऑपरेटरला सेटिंग येत होतं हे मला दोन दिवसांनी कळलं. ‘मग लावला का नाहीस?’ असं विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, बिघडलं तर बोलणी मला, आणि जमलं तर पगार सेटरचाच. मी कशाला हात लावू?"

त्याच्या बोलण्यात मला चूक सापडेना. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत, फौंड्री आणि मशीनशॉपच्या पट्ट्यात, एचआरचं काम करत असताना माझी बरीच वर्षं पगारपत्रकं, वेतनकरार आणि इन्क्रिमेंटच्या भांडणांत गेली. ‘ज्याला जास्त येतं त्याला जास्त पगार’ हे वाक्य प्रत्येक मालक बोलतो आणि प्रत्येक कामगाराला पटतं. ते कागदावर उतरवताना मात्र चुकीच्या जागी एक रुपया पडला, तरी शॉपमधली पंधरा वर्षांची दोस्ती तुटते. म्हणून हा लेख. उदाहरण मी मशीनशॉपचं घेते, कारण ते मला आतून माहीत आहे. दवाखाना, गॅरेज, छापखाना किंवा बेकरी चालवणाऱ्यांनी आपापलं काम त्या जागी ठेवून वाचावं.

आधी हे नक्की करा: पगार नेमका कशाचा देताय?

आपल्याकडे पगार बहुतेक वेळा पदाचा असतो, नाहीतर सेवेच्या वर्षांचा. सरकारी नोकरीत सातव्या वेतन आयोगाप्रमाणे वर्षाला ३ टक्के वाढ मिळते, काम कमी येवो की जास्त. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर पिकावर, म्हणजे कापडात भरलेल्या आडव्या धाग्यांवर, मजुरी असते. तिथे किती कापड निघालं तेच माप, त्यामुळे कौशल्य वेगळं मोजत बसावं लागत नाही. हातात जितकी सफाई, तितकी पिकं जास्त.

कौशल्याच्या पगारात माणूस आज कोणत्या मशीनवर उभा आहे याला महत्त्व नाही. त्याला काय काय येतं, ते तपासलेलं आहे का आणि कारखान्याला त्याची गरज आहे का, याचे पैसे मिळतात. या तीन अटींपैकी पहिलीच बहुतेकांच्या लक्षात राहते. पुढचा बहुतेक गोंधळ उरलेल्या दोन सुटल्यामुळे होतो.

एक भेद सुरुवातीलाच सांगते. सेटिंग करता येणं, बोअर गेज (भोकाचा व्यास मापायचं साधन) वापरता येणं, ड्रॉइंग वाचता येणं ही कौशल्यं झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ मध्ये ‘माणसाची बुद्धी मोजण्यापेक्षा कामाला लागणारी क्षमता मोजा’ असा विचार मांडला. त्यानंतर क्षमतांच्या याद्यांमध्ये ज्ञान आणि कौशल्याच्या जोडीला स्वभाव, नेतृत्व, पुढाकार, सहकार्य अशा गोष्टीही आल्या. प्रशिक्षणासाठी किंवा बढतीच्या चर्चेसाठी त्या जरूर वापरा. पण माझं ठाम मत आहे की स्वभावगुणांना रुपये लावू नयेत. ‘टीमवर्क’चे ६०० रुपये ठेवले, की ते सुपरवायझरसोबत चहाला जाणाऱ्याला मिळतात. खरं तसं नसलं, तरी सगळ्यांना तसंच वाटतं, आणि पगाराच्या बाबतीत लोकांना काय वाटतं त्यानेच वातावरण बिघडतं.

तुमच्याकडे ही पद्धत चालेल का?

फायदा कुठे होतो ते पाहा. जोतिबाची चैत्र यात्रा आली, भातकापणी आली, की आमच्याकडच्या शॉपमध्ये हजेरी गळते. कामगार आसपासच्या गावांतले, घरी शेती असलेले. एका माणसाला दोनच प्रकारची मशीनं येत असली, तरी अशा आठवड्यात त्याला हलवता येतं आणि पाळी निभावते. आयटीआय करून आलेली पोरं दोन-अडीच वर्षांत चाकणला जातात. त्यांना ‘पुढची वाढ कशी मिळेल’ याचं उत्तर इथेच मिळालं, तर त्यांतली काही थांबतात. रिजेक्शन कमी होतं, कारण ऑपरेटर स्वतःचा नग स्वतः मापतो. शिवाय शिकवण्याला किंमत येते. एरवी जुने सेटर आपली विद्या झाकून ठेवतात. नव्याला शिकवलं तर उद्या आपली गरज उरणार नाही अशी त्यांची भीती, आणि ती खोटी नसते.

कामं खरोखर वेगवेगळी नसतील, तर मात्र या वाटेला जाऊ नका. वीस माणसं एकच पॅकिंग करत असतील, तर कौशल्याचे टप्पे ओढूनताणून पाडावे लागतात. माल मोजून मजुरी देता येत असेल, तर तेच सोपं. आणि शिकवण्यासाठी मशीनचे तास सोडायची तयारी नसेल, तर ही योजना जाहीरच करू नका. ‘शिका म्हणजे वाढ देऊ’ म्हणायचं आणि शिकायला मशीन द्यायचं नाही, ही फसवणूक झाली. कामगार ती लगेच ओळखतात.

पहिली पायरी: कामांची यादी शॉपमध्ये उभं राहून करा

ऑफिसात बसून केलेल्या यादीत ‘मशीन ऑपरेट करणे’ असं लिहिलं जातं. त्याला काही अर्थ नाही. दोन दिवस शॉपमध्ये उभं राहा आणि काम क्रियापदांत लिहा: ड्रॉइंगवरून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सांगतो, इन्सर्ट (कापणारं पातं) बदलतो, ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) देतो, बोअर डायल गेज शून्यावर लावतो, सॉफ्ट जॉ (नग पकडणारे मऊ जबडे) बोअर करतो, प्रोग्राममध्ये फीड बदलतो, पहिला नग मापून क्यूसीकडे (दर्जा तपासणीकडे) नेतो.

कंपनीला आयएसओ ९००१ किंवा आयएटीएफ १६९४९ हे दर्जाचं प्रमाणपत्र असेल, तर स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला काय येतं याचा तक्ता, भिंतीवर असतोच, कारण सक्षमतेचा पुरावा ठेवणं त्या प्रमाणपत्रांत सक्तीचं आहे. पण खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी तो ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेला असतो. पगार लावण्याआधी तो पुसा आणि नव्याने भरा. ऑडिटरला दाखवायला फुगवलेल्या त्याच तक्त्यावर पगार द्यायचा ठरला, तर पहिल्याच महिन्यात निम्मं शॉप ‘तज्ज्ञ’ निघतं, आणि तक्त्यावर सही तुमचीच असते.

यादी करताना बायकांची कामं नीट बघा. एका शॉपमध्ये इन्स्पेक्शनच्या टेबलावर पाच जणी होत्या. सगळ्यांची नोंद ‘हेल्पर’ अशी. त्यांपैकी तिघी मायक्रोमीटर आणि हाइट गेज सफाईने वापरायच्या, सदोष नग नुसत्या बोटाने ओळखायच्या. ते काम करणाऱ्या पुरुषांची नोंद मात्र ‘इन्स्पेक्टर’. समान कामाला समान वेतन हा १९७६ पासूनचा कायदा आहे, आणि वेतन संहितेतही ती तरतूद आहे. यादी प्रामाणिकपणे केली तर असा अन्याय कागदावर उघडा पडतो. या पद्धतीचा हा मोठा फायदा, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दुसरी पायरी: टप्पे चारच ठेवा

आपल्याकडच्या कारखान्यांत जपानी धर्तीची एक खूण बऱ्याच ठिकाणी वापरतात. चौकोनाची एक रेघ म्हणजे देखरेखीखाली करतो. दोन बाजू म्हणजे स्वतः करतो, पण वेग कमी. तीन म्हणजे वेग आणि दर्जा सांभाळून करतो. पूर्ण चौकोन म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. शॉपच्या भिंतीवर हे लांबूनही वाचता येतं. याहून जास्त टप्पे पाडले, की दोन टप्प्यांतला फरक फक्त एचआरला कळतो.

पैसे तिसऱ्या बाजूपासून पुढे लावा. पहिल्या दोन खुणा शिकण्याच्या आहेत.

तिसरी पायरी: परीक्षा

इथे घाई करू नका. अख्खी योजना या पायरीवर उभी आहे.

सीएनसी टर्निंगच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथच्या, सेटिंगची परीक्षा आम्ही कशी घेत होतो ते सांगते. उमेदवाराला त्याने पूर्वी न लावलेला फ्लँजचा जॉब, ड्रॉइंग आणि रिकामं मशीन द्यायचं. वेळ दीड तास. सॉफ्ट जॉ बसवून बोअर करणं, टूलचे ऑफसेट घेणं, प्रोग्राम सिंगल ब्लॉकमध्ये (एकेक ओळ थांबवत) रॅपिड (टूलचा जलद वेग) कमी ठेवून फिरवणं, मग पहिला नग. बघणाऱ्याने घड्याळाकडे कमी आणि हाताकडे जास्त बघायचं. कच्चा माणूस सरळ साइझवर कट घेतो, आणि बोअर दोन शतांश मिलिमीटरने मोठा झाला की नग गेला. जाणता माणूस बोअरमध्ये आधी मुद्दाम थोडं मटेरियल ठेवतो. गेजने मापतो. गेज काढून पुसतो, पुन्हा आत घालून हलकेच डोलावतो आणि काटा कुठे परत फिरतो ते बघतो. मग फरकाचा ऑफसेट देऊन साइझवर येतो. परीक्षेच्या तक्त्यात आम्ही ही एक ओळ वेगळी ठेवली होती: ‘पहिल्या कटला मटेरियल ठेवलं का? हो / नाही’. सेटर कोण आणि नशिबाने जमलेला कोण, हे त्या ओळीतून सगळ्यात लवकर कळायचं.

गुण दहापैकी देऊ नका. सात की आठ यावर वाद होतो, हो की नाही यावर फारसा होत नाही. बघायला तिघे बसवा: त्याच्या पाळीचा नसलेला सुपरवायझर, क्यूसीचा माणूस आणि एक जुना सेटर. युनियन असेल तर प्रतिनिधीला उभं राहून बघू द्या. मत देऊ देऊ नका, पण बघू द्या. निकाल त्याच दिवशी आणि लेखी. नापास असेल तर नेमकं काय राहिलं ते तीन ओळींत मराठीत लिहा. पुन्हा परीक्षा दीड महिन्याने. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणालात, की माणूस प्रयत्न सोडतो.

सोबत काम करणाऱ्यांनाच परीक्षक करावं, असं काही जण सुचवतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपीका इथे जनरल फूड्स कंपनीने १९७१ मध्ये पाळीव प्राण्यांच्या खाद्याचा कारखाना सुरू केला, तेव्हा हा प्रयोग झाला होता. जितकी कामं शिकाल तितका पगार वाढणार, आणि कोण किती शिकला ते गटातल्या सहकाऱ्यांनी ठरवायचं. पगारवाढीची ही पद्धत सुरू करणाऱ्या नामवंत कारखान्यांपैकी तो एक. पण सहकाऱ्याचा पगार सहकाऱ्यानेच ठरवायचा म्हटल्यावर तिथेही मैत्री आणि रुसवे आड आले. आमच्याकडे तर एकाच गावचे, एकाच भावकीचे लोक एका पाळीत असतात. त्या परीक्षेत खरं बोलण्याचं ओझं कामगारावर टाकू नये.

माझीही एक चूक सांगते. पहिल्या फेरीत आम्ही लेखी पेपर ठेवला, आणि तोही इंग्रजीत, कारण मशीनच्या पुस्तकातून प्रश्न उचलले होते. सव्वीस वर्षं लेथवर काढलेले एक मामा त्यात नापास झाले. नवीन पोरांचं मशीन अडलं की ज्यांना बोलवायचे, ते मामा. निकालाचा कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी हाक मारली की म्हणायचे, "मला येत न्हाई बाबा, कागदावर लिहिलंय." दोन महिने लागले ते निस्तरायला. पेपर काढून टाकला. तोंडी प्रश्न मराठीत, मशीनसमोर उभं राहून. ड्रॉइंगवरची चिन्हं ओळखता यायलाच हवीत, तिथे सूट नाही. पण त्यासाठी इंग्रजी वाक्य वाचता येण्याची गरज नसते.

चौथी पायरी: रुपये लावा, पण आधी टोकाचा हिशेब करा

समजा ४२ जण योजनेत आहेत आणि कौशल्यांना असे दर लावले: पहिला नग स्वतः मापून पास करणं ५०० रुपये, गेज आणि ड्रॉइंग ७००, सेटिंग १,८००, दुसऱ्या प्रकारचं मशीन म्हणजे व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन) १,५००, शिकवणारा ८००. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमचे वेगळे असतील.

पहिला प्रश्न: सगळ्यांनी सगळं शिकलं तर? एकाचे ५,३०० रुपये, ४२ जणांचे महिन्याला २,२२,६००. त्यावर पीएफ, ग्रॅच्युइटी आणि ईएसआय (कामगार विमा योजना) यांचा मालकाचा भार धरा. पीएफ पूर्ण पगारावर भरत असाल तर १२ टक्के आणि वर थोडा प्रशासन खर्च, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, ईएसआय ३.२५ टक्के. म्हणजे साधारण २० टक्के. वर्षाचा आकडा ३२ लाखांवर जातो. ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो, त्यामुळे तोही वाढतो.

आता गरजेचा हिशेब. १८ मशीनं, पाळीला तीन सेटर, तीन पाळ्यांचे नऊ, रजेसाठी तीन जादा, म्हणजे १२. व्हीएमसीला १४ जण, गेज-ड्रॉइंगला ३०, शिकवणारे ४, पहिल्या नगाचे पैसे सगळ्या ४२ जणांना. बेरीज महिन्याला ८७,८००, भारासह सुमारे १,०५,०००. वर्षाला साडेबारा लाखांच्या आसपास.

३२ लाख आणि साडेबारा लाख, या फरकात योजना तरते किंवा बुडते. या पद्धतीचा सगळ्यात मोठा तोटा हाच आहे: सगळे शिकतात, सगळे वरच्या टप्प्याला पोचतात, पण मशीनं तितकीच राहतात. मग कारखाना न वापरलेल्या कौशल्याचे पैसे देत बसतो, आणि वर पोचलेल्या माणसाला पुढे जायला जागा राहत नाही.

मी काढलेला मार्ग असा: खालच्या दोन कौशल्यांवर मर्यादा ठेवायची नाही. जो शिकेल त्याला पैसे, कारण स्वतःचा नग मापणारा ऑपरेटर जितका जास्त तितका चांगला. सेटिंग आणि व्हीएमसीच्या जागा ठरलेल्या ठेवायच्या आणि तो आकडा पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायचा. परीक्षा पास झालेल्याला जागा नसेल, तर प्रतीक्षा यादीत नाव आणि निम्मी रक्कम. त्या बदल्यात महिन्यातून ठरावीक पाळ्या त्याने सेटिंग करायचं, म्हणजे हात गंजत नाही. जागा रिकामी झाली की यादीतल्या क्रमाने पूर्ण रक्कम. यावर लोक नाराज होतातच. पण आधी सांगितलेली मर्यादा माणूस सहन करतो. परीक्षा झाल्यावर सांगितलेली मर्यादा तो कायम लक्षात ठेवतो.

फायद्याची बाजूही रुपयांत मांडा. सेटरची वाट बघत प्रत्येक मशीन रोज अर्धा तास उभं राहत असेल, तर १८ मशीनांचे ९ तास. मशीनचा तासाचा दर ३५० धरला तर रोजचे ३,१५० आणि २६ दिवसांचे ८१,९००. म्हणजे १,०५,००० च्या खर्चातला बराच भाग इथे निघतो. उरलेला रिजेक्शन आणि ओव्हरटाइम कमी होऊन निघायला हवा. तो निघेल का, हे तुमच्या मागच्या सहा महिन्यांच्या रजिस्टरमध्ये सापडेल. रजिस्टर न उघडता ‘निघेल’ म्हणू नका.

आणि मशीन उभं राहण्याचं कारण सेटर नसून कास्टिंगच वेळेवर येत नसेल, तर कौशल्याच्या पगाराने काहीही सुधारणार नाही. हे मी दोन ठिकाणी पाहिलं आहे.

पाचवी पायरी: कायद्याच्या तीन जागा

पहिली, किमान वेतन. महाराष्ट्रात उद्योगांचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वेगवेगळे असतात, परिमंडळानुसार बदलतात, आणि विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. तुमच्या तक्त्यात माणूस ‘स्वतः सेटिंग करतो’ असं लिहिलं आणि पगारपत्रकात तो ‘अर्धकुशल’ राहिला, तर तो तक्ता तुमच्याच विरुद्धचा पुरावा होतो. तक्ता आणि पगारपत्रक एकत्र ठेवून एक-एक नाव तपासा.

दुसरी, भत्त्याचं नाव. ‘कौशल्य भत्ता’ असं वेगळं नाव देऊन पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवण्याचा सल्ला देणारे भेटतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विशेष भत्त्यांच्या प्रकरणांत स्पष्ट केलं आहे की सरसकट दिले जाणारे भत्ते मूळ वेतनातच धरले जातील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत वेतनातून काय वगळायचं याची ठरावीक यादी आहे, आणि वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनात धरला जातो. कौशल्याचे पैसे वेतनच आहेत असं धरून हिशेब करा. पगारपत्रकात ओळ वेगळी ठेवा, पण ती भार टाळण्यासाठी नको. माणसाला दिसावी म्हणून ठेवा.

तिसरी, बदलाची नोटीस. वेतन किंवा श्रेणींची वर्गवारी कामगारांवर परिणाम होईल अशी बदलायची, तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये २१ दिवसांची नोटीस होती, आणि औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. युनियन असेल तर नोटिशीपेक्षा करार केव्हाही बरा. तीन वर्षांचा वेतनकरार होताना हे कलम त्यात घाला, मधेच उपटू नका.

आता ईएसआयची एक गोष्ट, कारण ती घरापर्यंत पोचते. २०१७ पासून ईएसआयची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. एखाद्याचा पगार २०,४०० असेल आणि त्याला सेटिंगचे १,८०० मिळाले, तर तो मर्यादेच्या बाहेर जातो. चालू अंशदान कालावधी, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चअखेर, संपेपर्यंत त्याचं अंशदान चालू राहतं, पुढे काही काळाने संरक्षण जातं. आईचं डायलिसिस ईएसआयवर चालू असलेला एक ऑपरेटर परीक्षेलाच बसला नाही. त्याला सेटिंग उत्तम येत होतं. सगळे म्हणत होते पोरगं आळशी आहे. कारण मला फार उशिरा कळलं. या पट्ट्यात येणाऱ्या लोकांची यादी आधी काढा, त्यांच्यासाठी गट आरोग्य विमा घ्या, आणि विम्यात आधीचे आजार धरले आहेत ना ते स्वतः वाचून बघा.

सहावी पायरी: जुन्या माणसांचं काय?

कुणाचाही आजचा पगार कमी करायचा नाही. यावर चर्चाच नको. नव्या मापाने ज्याचा पगार जास्त ठरतो, त्याची जादा रक्कम ‘वैयक्तिक वेतन’ म्हणून तशीच ठेवा. सेवेच्या वर्षांची छोटी वाढही चालू ठेवा. कौशल्याचा पगार ज्येष्ठतेच्या जागी बसवायचा नाही, तिच्यावर चढवायचा. वीस वर्षं एका जागी टिकणं हीसुद्धा कारखान्याला दिलेली गोष्ट आहे. शिवाय ज्येष्ठांचा विश्वास गेला तर शिकवणार कोण?

शिकवणाऱ्याचे ८०० रुपये म्हणूनच आहेत. पण ते दरमहा सरसकट देऊ नका. त्याने शिकवलेला माणूस परीक्षा पास झाला की पुढचे सहा महिने द्या. मामांना पहिले ८०० मिळाले, तेव्हा त्यांच्या हाताखाली दोन पोरं तयार झाली होती.

सातवी पायरी: मुदत घाला

जपानमध्ये मालकांच्या निक्केरेन या संघटनेने १९६९ मध्ये क्षमतेवर आधारित व्यवस्थापनाचा पुरस्कार केला, आणि क्षमतेच्या श्रेणींवर वेतन देण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांत रुजली. पुढे काय झालं ते शिकण्यासारखं आहे. एकदा आलेली क्षमता जात नाही असं गृहीत धरल्यामुळे श्रेणी फक्त वर जात राहिल्या. वरिष्ठही सहसा वर्षं बघूनच श्रेणी देत. नाव क्षमतेचं राहिलं आणि पगार पुन्हा वयाप्रमाणे वाढू लागले.

आपल्याकडे हे आणखी लवकर होईल. म्हणून प्रत्येक कौशल्याला मुदत ठेवा. सेटिंगला दोन वर्षं. त्या काळात ठरलेल्या संख्येने जॉब लावले असतील, तर लॉगबुक बघूनच नूतनीकरण करा, परीक्षा नको. हात लागलाच नसेल तर पुन्हा परीक्षा. जमली नाही तर तीन महिने सराव द्या आणि त्या काळात रक्कम चालू ठेवा. त्यानंतर बंद. बंद करण्याची ही अट करारात शब्दशः लिहिलेली हवी. आणि मशीनच कंपनीने विकलं असेल, तर त्या कौशल्याचे पैसे एका दिवसात काढू नका. वर्षभर द्या आणि त्या वर्षात नवीन काहीतरी शिकवा, कारण इथे दोष माणसाचा नाही.

शिकून लोक निघून जातील ही भीती मालक बोलून दाखवतात. काही जातातच. तपासलेलं कौशल्य हातात असलं, की बाहेरही भाव मिळतो. पण ज्यांना शिकवलंच नाही असे लोक वीस वर्षं राहतात, याचा खर्च कुणी मांडत नाही. शिकवल्याबद्दल बाँड लिहून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. बाँडने माणूस अडकून राहतो, काम करत नाही.

सुरुवात कशी करायची

एकाच विभागात सहा महिने करून बघा. टर्निंगमध्ये करा, फेटलिंग (ओतीव नगांची साफसफाई) आणि स्टोअर नंतर. त्या सहा महिन्यांत चारच आकडे लिहून ठेवा: मशीन सेटरअभावी किती तास उभं राहिलं, रिजेक्शन किती, ओव्हरटाइम किती, किती जण परीक्षेला बसले. शेवटचा आकडा मी सगळ्यात आधी बघते. परीक्षेला कुणी बसतच नसेल, तर पैसे कमी आहेत, परीक्षेवर विश्वास नाही किंवा शिकायला मशीन मिळत नाही. तिन्हींचा इलाज वेगळा, म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन लोकांत बसा आणि विचारा.

कंत्राटी कामगार त्याच मशीनवर उभे असतील, तर त्यांचा प्रश्न पहिल्याच महिन्यात येईल. त्यांना योजनेबाहेर ठेवून तेच काम करून घेणार असाल, तर सोबतचे कायम कामगारही तुमच्या तक्त्यावर विश्वास ठेवणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद ठेकेदारामार्फत का होईना, पण आधी ठरवा.

पहिल्या पगाराच्या दिवशी पगारचिठ्ठीवर ओळ अशी छापा: ‘सेटिंग, टर्निंग: १,८००, मुदत अमुक तारखेपर्यंत’. नुसतं ‘इतर भत्ते’ नको. ती चिठ्ठी घरी जाते आणि बायको, शिकणारी मुलगी वाचते. त्या दिवशी संध्याकाळच्या पाळीबदलाला, दोन्ही पाळ्या शॉपमध्ये असताना, परीक्षेचं रजिस्टर घेऊन टाइमकीपरच्या टेबलाजवळ दोन तास बसा. पहिल्या वेळी माझ्याकडे अकरा जण आले होते. चौघांच्या नोंदीत आमची चूक होती, ती तिथेच सही करून दुरुस्त केली आणि फरक पुढच्या पगाराची वाट न बघता रोख दिला. उरलेल्या सात जणांना फक्त आपल्या नावापुढची पानं बघायची होती. त्यांनी ती बघितली, एकाने फोटो काढला, आणि पुढची परीक्षा कधी ते विचारून गेले.